नदीच्या शेवटचा कोरा कागद

मामाच्या बेसमेंटमधल्या टेबल टेनिसच्या टेबलावर काळे डाग कसले, असं तुम्ही मागच्या व्हिडिओ कॉलवर विचारलंत. मी म्हटलं, शाईचे. धाकटी म्हणाली, "आजी, तू टेबलावर लिहितेस?" तेवढ्यात तुमच्या आईने फोन घेतला आणि विषय शाळेच्या बसवर गेला. उत्तर अर्धंच राहिलं. अर्धं काही ठेवायची मला सवय नाही, म्हणून क्रमाने लिहून काढते.

ते डाग एका नदीचे आहेत. नदी चीनमधली. ती या टेबलावर गेल्या हिवाळ्यात काढली गेली आणि काढली माझ्या मैत्रिणीने. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. तुमच्यासाठी ती चिनी आजी.

आमची ओळख झाली इथे कॅनडात, मॉन्ट्रियलच्या पुलापलीकडच्या ब्रॉसार्डच्या लायब्ररीत. तिथे गुरुवारी सकाळी वयस्कर लोकांसाठी फ्रेंच संभाषणाचा वर्ग असतो. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इथे दुकानात इंग्रजी बोललं की कधी चालतं, कधी समोरचा फ्रेंचमध्येच उत्तर देतो आणि मग न कळता मान डोलवावी लागते. मला न कळता मान डोलवायला आवडत नाही, म्हणून मी वर्गात नाव घातलं. चिनी आजीचं कारण वेगळं होतं. तिची सात वर्षांची नात फ्रेंच शाळेत जाते, घरी आईबापांशी इंग्रजी बोलते आणि तिला चिनी येत नाही. आजीला चिनीशिवाय काही येत नव्हतं. फ्रेंच दोघींना थोडं थोडं आलं तर एकमेकींशी बोलता येईल, एवढाच तिचा विचार.

वर्गातली एक सकाळ सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला. चिनी आजीने घरी वाफवलेले बन आणले होते, वरून मोदकासारख्या कळ्या पाडलेले. शिकवणाऱ्या बाई इथल्याच, वयाने तुमच्या आईएवढ्या. आजीने डबा त्यांच्यापुढे धरला.

"नों, मेर्सी," बाई म्हणाल्या. नको, आभार.

आजीने डबा आणखी पुढे केला. बाई पुन्हा नको म्हणाल्या. मग आजीने एक बन कागदी रुमालात गुंडाळला आणि सरळ बाईंच्या पर्समध्ये घालायला लागली. मी मागच्या बाकावरून मराठीतच म्हणाले, "घ्या हो, इतकी म्हणतेय तर!"

बाई हसल्या. रागावल्या अजिबात नाहीत. पण त्यांनी त्या दिवसाचा धडा तोच केला. इथे नाही म्हणजे नाही, त्या म्हणाल्या. एकदा नको म्हटल्यावर पुन्हा विचारलं तर समोरच्याचं म्हणणं आपण ऐकलंच नाही असं होतं. मग त्यांनी आम्हाला जोड्या करून सराव करायला लावला. माझ्या जोडीला चिनी आजी.

"कॉफी घेणार?" मी विचारलं.

"नको, आभार," ती म्हणाली.

"बों," मी म्हटलं. म्हणजे बरं. आणि मी गप्प बसले.

दारी आलेल्या माणसाशी इतकं उद्धट मी आयुष्यात वागले नव्हते. आपल्याकडे पहिलं 'नको' खरं कुठे असतं? ते दारातलं पायपुसणं, त्याच्यावर पाय पुसून मग आत यायचं. चिनी आजीची नजर माझ्याकडे गेली, तिने तोंडावर हात घेतला आणि आम्हा दोघींना जे हसू फुटलं ते आवरेना. तिच्याकडेही तसंच होतं, हे मला तेव्हाच कळलं. आमची मैत्री त्या हसण्यातून झाली. पण धडा मात्र आम्ही दोघींनी नीट पाठ केला. मी मास्तरीण, ती आयुष्यभर एका शाळेत चित्रकला शिकवणारी. बाईंनी सांगितलेलं आम्ही मोडणार नव्हतो.

नोव्हेंबरात कळलं की तिच्या मुलाची नोकरी आता सरे नावाच्या शहरात, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरच्या बाजूला. तिथे फ्रेंचचा काही उपयोग नाही. "शिकले आणि फुकट गेलं," ती म्हणाली. घर विकायला काढलं. घर दाखवणाऱ्या एजंटने सांगितलं की आत कुणी राहतच नाही असं घर दिसायला हवं. कागद, रंग, कुंचले, सगळं खोक्यात. आणि तिला तर नातीसाठी एक लांबलचक चित्र काढायचं होतं, तिच्या गावच्या नदीचं. त्यासाठी मोठं टेबल हवं होतं.

मी म्हटलं, आमच्याकडे टेबल आहे. ती म्हणाली, "नों, नों." मी नियमाप्रमाणे थांबले. पण तुमचे आजोबा फ्रेंचच्या वर्गाला येत नाहीत. ते ग्रोसरीच्या पिशव्या घेऊन शेजारी उभे होते, त्यांना एवढंच कळलं की हिला टेबल पाहिजे. घरी आल्याबरोबर ते खाली गेले, जाळीचे स्क्रू काढले, जाळी गुंडाळून घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे ठेवली आणि वर येऊन म्हणाले, "झालं. तिला उद्यापासून यायला सांग."

ती आली.

चित्र कसं बघायचं ते आधी मला शिकावं लागलं. तिने मला एक गुंडाळी घरी न्यायला दिली. नदीच्या एका जुन्या चित्राची ती छापील नक्कल होती. उंची वीतभर आणि लांबी ही एवढी. मी कुठलंही पुस्तक हातात घेतलं की आधी अनुक्रमणिका वाचते. त्याच शिस्तीने मी ती गुंडाळी बेसमेंटच्या फरशीवर पूर्ण उलगडली, लाँड्रीच्या दारापासून फर्नेसपर्यंत, कडांवर शब्दकोश ठेवले आणि डाव्या टोकापासून बघत निघाले. चिनी आजी जिना उतरून आली आणि तिने कपाळाला हात लावला.

"आइया!"

थेट आपलं 'अय्या'. मला आधी वाटलं, ही माझ्याकडून शिकली.

तिने शब्दकोश उचलले, चित्र पुन्हा गुंडाळलं, मला खुर्चीत बसवलं आणि गुंडाळी टेबलावर ठेवली. डाव्या हाताने थोडं उलगडायचं, उजव्या हाताने मागचं गुंडाळत जायचं. दोन्ही हातांच्या मध्ये मावेल तेवढीच नदी एका वेळी बघायची. आणि जायचं उजवीकडून डावीकडे.

"सगळी एकदम का नाही?" मी विचारलं.

ती फ्रेंच शब्द शोधत म्हणाली, "तू नावेत. वळणापुढचं दिसतं?"

"नाही."

"मग!"

मग मी तिच्या सांगण्याप्रमाणे बसले. आधी काठावरची झाडं आली, मग धुकं, मग अचानक दोन्ही बाजूंनी कडे इतके जवळ आले की कागदात पाण्याला जागाच उरली नाही. पुढे काय आहे ते माझ्या डाव्या हाताखाली गुंडाळलेलं होतं. मला खरोखर भीती वाटली. फरशीवर पसरून पाहिलं तेव्हा तीच जागा दोन पावलांत ओलांडून मी पुढे गेले होते.

तिचं स्वतःचं चित्र डिसेंबरात सुरू झालं. मला काम मिळालं शाई उगाळायचं. आपण बाळाला सहाणेवर गुटी उगाळून देतो, तशीच शाईची कांडी दगडावर पाणी घालून उगाळतात. तुमच्या आईला मी वर्षभर गुटी उगाळून पाजली आहे, माझा हात त्यात तयार होता. चिनी आजीने पहिल्याच दिवशी शाई बोटावर घेऊन पाहिली आणि मान हलवली. ती मान पसंतीची होती.

तिचं गाव यांगत्से नदीच्या काठी, जिथे नदी डोंगरांतून वाट काढते तिथे. दोन्ही बाजूंना सरळ कडे, मध्ये घरांएवढे खडक आणि त्यांच्यामधून उसळणारं पाणी. तुमच्या नाशिकच्या गोदावरीला किंवा आमच्या नांदेडच्या गोदावरीला असलं काही ठाऊक नाही. आपली नदी घाटावर येते, थांबल्यासारखी करते आणि पुढे जाते. ही नदी मात्र धडका देत जाते. गंमत अशी की तिने पाणी रंगवलंच नाही. कडे काढले, खडक काढले, कोरड्या कुंचल्याने दगडांचं खरखरीत अंग काढलं, खडकाभोवती केसासारख्या बारीक चार रेघा वळवल्या. बाकी कागद कोरा. आणि त्या कोऱ्या कागदावरून पाणी धावायला लागलं. मी जवळ जाऊन पाहिलं, तिथे काहीच नव्हतं.

तुमचे आजोबा रोज चारच्या चहाला खाली यायचे. पाटबंधारे खात्यात जन्म गेलेला माणूस. नदीचं चित्र म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"अगं, विचार तिला, बघणारा माणूस उभा कुठे आहे? पायथ्याचे दगडही दिसतात आणि माथ्यावरचं देऊळही दिसतंय. एका जागेवरून हे शक्य नाही."

मी विचारलं. ती कुंचला न थांबवता म्हणाली, "उभा नाही. नावेत बसला आहे. नाव चालते."

आजोबांनी त्यावर चहाचे दोन घोट घेतले. "मग नावाड्याला सांग, वर बघू नकोस, पुढे खडक आहे."

हे मी तिला सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला कुंचला खाली ठेवावा लागला. टेबलावरचा मोठा डाग त्या वेळचा.

आणखी एका दिवशी त्यांनी विचारलं की पाण्याची पातळी कुठली धरली आहे. हा प्रश्न मात्र तिला लगेच कळला. तिने काठावरच्या पायऱ्यांच्या तळाशी बोट ठेवलं. पाण्यापासून वर गावापर्यंत गेलेल्या त्या लांब दगडी पायऱ्या चित्राच्या अगदी सुरुवातीला, उजव्या टोकाला होत्या. "तेव्हा," ती म्हणाली. मग बोट उचलून पायऱ्यांच्या वर, घरांच्या छपरांच्याही वर नेलं आणि तिथे हात आडवा धरला. "आता." खाली मोठं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. लोकांना वर नव्या गावात घरं मिळाली.

आजोबांनी नोकरीत कितीतरी गावांत पाणी कुठवर येणार त्याच्या खुणेचे दगड बसवले आहेत. ते वर गेले आणि थोड्या वेळाने स्वतः चहा करून तिच्यासाठी घेऊन आले. एरवी ते चहा फक्त पितात.

फेब्रुवारीत तिने माणसं काढली. तोवर चित्रात कुणी नव्हतं. खळाळत्या पाण्यातून नाव उलट्या दिशेने, वर न्यायची तर काठावरून माणसांनी दोराने ओढावी लागे. कड्याच्या अंगावरच्या अरुंद वाटेने एकामागून एक, खांद्यावरून दोर घेतलेली, इतकी वाकलेली की हात जमिनीला टेकावेत. एकेक माणूस तांदळाच्या दाण्याएवढा. तिचे वडील हेच काम करत.

"यातले तुझे वडील कोणते?" मी विचारलं.

तिने ओळीवरून नजर फिरवली. "सगळे," ती म्हणाली.

मार्चमध्ये चित्र संपलं. घर विकलं गेलं होतं, महिनाअखेर ते निघणार होते. त्या दिवशी ती चित्राबरोबर एक वेगळा कोरा कागद घेऊन आली. तो तिने टेबलाच्या डाव्या टोकाला, नदी जिथे रुंद होऊन धुक्यात संपते तिथे लावून ठेवला आणि फोन काढला. अवघड बोलायचं असलं की आम्ही फोनमधल्या भाषांतराचा आधार घेतो. फोनमधली बाई इंग्रजीत सांगत गेली आणि मी ऐकत गेले. त्यांच्याकडे चित्राच्या शेपटीला असा कागद जोडतात. ज्याने चित्र पाहिलं, तो मित्र त्यावर लिहितो. पुढे दुसऱ्या कुणी पाहिलं तर तोही लिहितो. ही नदी ज्यांना ओळखता आली असती ती तिची माणसं आता राहिली नाहीत. कुणीच लिहिलं नाही तर नातीला वाटेल की आजीने मनातलं काहीतरी काढलं. म्हणून मी लिहावं. आणि इंग्रजीत नको, माझ्या अक्षरांत.

माझी अक्षरं तिने आमच्या फ्रिजवर पाहिली होती, ग्रोसरीच्या यादीत. तिने फोन ठेवला आणि कोऱ्या कागदावर बोटाने आडवी रेघ ओढून दाखवली. मग त्या रेघेला खाली लोंबणारी अक्षरं दाखवली. मग चित्रातले दोर ओढणारे दाखवले.

"तुझी अक्षरं," ती म्हणाली, "दोरावरची माणसं."

मला लिहायचं होतं. हे आधी सांगून ठेवते. पण मी ज्या घरात वाढले तिथे पुस्तकं वरच्या इयत्तेतल्या मुलींकडून मागून आणलेली असत आणि वर्ष संपलं की परत जात. वडील परत देण्याआधी एकेक पान उजेडात धरून बघत, पेन्सिलीची रेघसुद्धा उमटलेली चालत नसे. दुसऱ्याच्या कागदावर आपण लिहायचं नाही, हे माझ्या हातात मुरलेलं आहे. आणि शिवाय पहिल्याच विचारण्याला हो कसं म्हणायचं?

"नों, नों," मी म्हटलं. "मला कुठे जमणार!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते.

"दाकोर," ती म्हणाली. ठीक आहे. आणि तिने कागद गुंडाळला.

मी घाईघाईने म्हटलं की निघायच्या आधी एकदा सगळे जेवायला या, मी पुरणपोळ्या करते.

"नों, नों," ती म्हणाली. "तू दमशील."

"बों," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती चित्र घेऊन मॉन्ट्रियलच्या चायनाटाउनमध्ये गेली. तिथे एक म्हातारे गृहस्थ असली चित्रं मागून कागद चिकटवून, कडेला रेशीम लावून गुंडाळीला जोडून देतात. नंतर ते गुंडाळी सरेला पाठवणार होते. शेवटचा कागद जोडायचा नाही, असं तिने त्यांना सांगितलं. हे मला तिच्या मुलाकडून कळलं. तो उरलेले कुंचले न्यायला आला होता. ती स्वतः आली नाही. मी टेबल पुसायला घेतलं. डाग निघेनात.

आजोबा चहा घेऊन खाली आले आणि रिकाम्या टेबलाकडे बघत म्हणाले, "भांडलात?"

"नाही हो. तिने विचारलं, मी नको म्हटलं, ती बरं म्हणाली."

"आणि पुरणपोळ्यांचं काय झालं?"

"ती नको म्हणाली. मी बरं म्हटलं."

"का?"

"इथे तसंच असतं. इथे नाही म्हणजे नाही."

ते डागाच्या शेजारी कप ठेवून बसले. "अगं, माझ्या आईने पहिल्यांदा विचारलं आणि तू दुसरी भाकरी घेतलीस, असं कधी झालंय? आई म्हणायची, सून लाजते, दोनदा विचारावं लागतं."

"ते नांदेडला. इथलं वेगळं."

"इथलं म्हणजे कुणाचं? खाली तुम्ही दोघीच होतात. एक चीनची, एक नांदेडची. तुमच्यात इथला होता कोण?"

मी जिना चढून वर गेले आणि बूट घातले. बाहेर रात्रीचा बर्फ मामाने शोव्हल केलेला होता, पण पलीकडच्या गल्लीत तिच्या दारापुढचा तसाच होता. निघालेल्या घराचा बर्फ कोण काढतो? मी त्यातूनच गेले. दार तिने उघडलं. मागे छतापर्यंत खोकी.

"चहा?" ती म्हणाली.

"नों, मेर्सी," मी म्हटलं आणि तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिले.

तिने तोंड उघडलं, मिटलं. तिला बाईंचा धडा आठवत होता, ते मला स्पष्ट दिसत होतं. मी मान तिरकी केली. ती हळूच म्हणाली, "चहा?"

"नों, नों."

आता तिच्या लक्षात आलं. तिने माझी बाही धरली आणि मला खोक्यांमधून आत ओढलं. "चहा!" ती ओरडली. मग आम्ही वर्गातल्यासारख्याच हसलो. हसता हसता तिने डोळे पुसले. मी पण पुसले, पण ते थंडीने असावं.

चहाचा कप हातात आल्यावर मी म्हटलं, "तो कागद दे."

"नों, नों. तू दमशील."

"दे."

"तुला काम खूप. पुरणपोळी."

"दे गं!" हे मी मराठीत म्हटलं आणि ते तिला बरोबर कळलं.

कागद तिने खोक्यात भरलेला नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेला होता. मग मीच पुन्हा कच खाल्ली आणि म्हटलं, "पण तुझ्या नातीला मराठी वाचता येणार नाही."

"तिला चिनी पण येत नाही," ती म्हणाली. "तिला कळेल की कुणीतरी लिहिलं."

तिने चायनाटाउनला फोन लावला. चित्र अजून फळीवर वाळत होतं, गुंडाळीची काठी लावायची होती. उद्या संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या आत आणलंत तर कागद जोडून देतो, असं ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा बेसमेंटमध्ये. शाई मीच उगाळली. तो कागद टीपकागदासारखा शाई ओढतो, जरा थांबलं की अक्षराचं डबकं होतं. तिने जास्तीचे कागद आणून ठेवले होते, ते मी भराभर खराब केले. शब्द लिहायचा आणि त्यावर रेघ द्यायची, मग पुढचा शब्द, असं मी करत होते आणि प्रत्येक रेघ वाकडी येत होती. शेवटी मी शाळेत मुलांना सांगायचे तसं स्वतःला सांगितलं. ओळीतली अक्षरं आधी लिहून घेतली, उघडी, डोक्यावर काही नसलेली. मग कुंचला भरला, श्वास धरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रेघ ओढली. शब्दांच्या मध्ये उचलायचं राहून गेलं. सगळे शब्द एकाच रेघेला लागले. मी म्हटलं, चुकलं, हाही कागद गेला.

चिनी आजीने कागद घट्ट धरून ठेवला. "दोर!" ती म्हणाली. "उरलेल्या ओळी पण अशाच."

मी लिहिलं ते असं: "ही नदी मी पाहिली. ब्रॉसार्डमध्ये, तळघरात, बाहेर बर्फ पडत असताना. हिचं पाणी रंगवलेलं नाही, तरी आवाज येतो. दोर ओढणारे कोण आहेत ते मला माहीत आहे. नांदेडची, गोदाकाठची एक आजी."

खाली शिक्का मारायचा असतो. माझ्याकडे शिक्का नाही. तिने मला अंगठा लाल शाईत बुडवायला सांगितलं. मी स्वच्छ नाही म्हटलं. आमच्या घरात अंगठा सोडून सही करायला शिकलेली पहिली बाई माझी आई होती, मी अंगठा देणार नाही. हे 'नाही' खरं होतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि या खेपेला पुन्हा विचारलं नाही. मी सही केली.

कागद वाळल्यावर पुठ्ठ्याच्या नळीत घातला आणि पुलावरून जाणाऱ्या गाडीने आम्ही दोघी मॉन्ट्रियलला निघालो. पुलावर सेंट लॉरेन्स नदी खिडकीत आली. कडेला बर्फाच्या लाद्या, मध्ये काळं पाणी. खिडकीत मावेल तेवढीच दिसत होती. ती मला कोपराने ढोसत म्हणाली, "बघ, गुंडाळी." चायनाटाउनच्या त्या गृहस्थांनी माझा कागद उलटा धरला, मग सरळ केला आणि बराच वेळ बघून काहीतरी म्हणाले. तिने त्याचं भाषांतर केलं नाही. त्यांनी कागद घेतला.

जेवायलाही ते सगळे आले. तिने चार पुरणपोळ्या खाल्ल्या, प्रत्येक वेळी आधी नको म्हणून.

एप्रिलअखेर तिचा सरेहून फोन आला. गुंडाळी पोचली होती. त्यांचा कोन्डो, म्हणजे फ्लॅट, लहान आहे, टेबलही लहान, पण एका हातापुरती नदी बघायला तेवढं पुरतं. तिने नातीला शेजारी बसवलं, उजवीकडून थोडं उलगडलं. नातीने लगेच विचारलं की सगळं एकदम बघू या का, कॉरिडॉरमध्ये.

"मी नाही म्हटलं," चिनी आजी सांगत होती. "तिने पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं."

"मग?"

"मग मी कॉरिडॉरमधल्या चपला बाजूला केल्या."

नात माझ्यासारखीच डाव्या टोकापासून निघाली. म्हणजे आधी तिला माझी अक्षरं लागली. त्यांच्यावर ती गुडघे टेकून वाकली आणि बोटाने वरची रेघ गिरवत गेली. मग धुकं, मग रुंद पाणी, मग खडक. "उलटी गेली," चिनी आजी म्हणाली, "पण मी थांबवलं नाही. दोर ओढणारे पण तिकडेच जातात."

नात त्यांच्या बाजूबाजूने रांगत वर गेली, कड्यांमधून, पार उजव्या टोकापर्यंत. गावच्या पायऱ्यांपाशी ती थांबली. वर एकावर एक चढलेली घरं होती, नखाएवढी. सरेला गेल्यापासून ती घरात सगळ्यांशी इंग्रजीच बोलते, पण या वेळी मान वर करून तिने आजीला फ्रेंचमध्ये विचारलं, आजीला कळावं म्हणून, "केल मेझों?" कुठलं घर?

चिनी आजी गुडघे धरून खाली बसली आणि तिने बोट ठेवलं.